शेवटचा आल्याशिवाय कॉफी नाही

दिवाळी सरली आणि चिक्कडपल्लीच्या नाक्यावरचे सीताफळांचे गाडे विरळ झाले की समजावं, हैदराबादेत थंडी आली. पुण्याहून आलेली माणसं आमच्या थंडीला हसतात. हसोत बापडी. वर्षाचे दहा महिने घामात भिजणाऱ्या आम्हा लोकांना पहाटेचा एक पातळ स्वेटरही पुष्कळ होतो. परवा पहाटे पाचला जाग आली, गॅलरीचं दार उघडलं आणि कानाला गार वारा लागला. आनंद व्हायला हवा होता. गेली सहा वर्षं या वाऱ्याची मी वाट बघत आलोय. या वेळी मात्र दार लावून घेतलं आणि परत येऊन अंथरुणावर पडलो.

"सायकल नाही काढायची?" सुनंदानं पांघरुणातूनच विचारलं.

"बघू."

"बघू बघू करत मे गेला, पाऊस गेला. एक तर चालवा, नाही तर कुणाला तरी देऊन टाका. जिन्याखाली झाडू मारायचा म्हटला तर आधी तिला नमस्कार करावा लागतो."

बायकोचं खरं होतं. जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळून उभी आहे ती. मार्चपासून मी तिला हात लावलेला नाही. लावला नाही म्हणण्यापेक्षा लावावासा वाटला नाही, आणि का वाटला नाही ते सुनंदाला माहीत आहे, म्हणून ती फक्त झाडूबद्दल बोलते.

मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये काम करतो. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. आजोबा नांदेडकडची शेती भावांवर टाकून निजामाच्या काळात इथं आले, तेव्हापासून आम्ही जाधव हैदराबादचेच. घरात मराठी, दारात दक्खनी, भाजीवालीशी तेलुगू. तिन्ही भाषा येतात आणि तिन्हींत लोक विचारतात, तुम्ही कुठले? असो. सांगायचं हे की आमचं घर चहाचं. सकाळी चहा, लॅबमधून आलं की चहा, पाहुणे आले की चहा, पाहुणे गेले की सुटलो म्हणून चहा. कॉफी ही आमच्याकडे आजारी माणसाला द्यायची, किंवा आत्या उपासाला असली की. दुधात उकळलेली, जायफळ घातलेली, पिऊन झोप यावी अशी. कॉफी पिऊन माणूस जागा होतो हे मला वयाच्या पन्नाशीपर्यंत ठाऊकच नव्हतं.

ती कॉफी मला सायकलनं दाखवली.

पन्नाशीत डॉक्टरांनी साखरेचा आकडा सांगितला आणि म्हणाले, चाला नाही तर काही तरी चालवा. चालायचा मला मनस्वी कंटाळा. मग सायकल घेतली. पहिल्या दिवशी टँकबंडवर अर्धा तलाव होईतो जीभ बाहेर आली आणि मी कठड्याला टेकून उभा राहिलो. तेवढ्यात मागून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस सायकलवर आला, एक पाय टेकून थांबला आणि काही न विचारता शुद्ध मराठीत म्हणाला, "पाणी एकदम नका पिऊ. आधी श्वास येऊ द्या."

"तुम्हाला कसं कळलं मी मराठी?"

"अहो, 'आई गं' म्हणालात ना आत्ता!"

ते वसंतराव. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, राहायला सिकंदराबादेत मारेडपल्लीला. सदतीस वर्षं मालगाडीच्या आणि पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यातून त्यांनी अर्धा दक्षिण हिंदुस्थान पाहिला होता. "जाधव," ते म्हणायचे, "ड्रायव्हरला येणारा मुलूख दिसतो. मला कायम गेलेला मुलूख दिसला." हे ते दुःखानं म्हणत नसत. मिशीतल्या मिशीत हसून म्हणत.

पुढं दोघं आणखी मिळाले. हिमायतनगरात औषधांचं दुकान असलेला श्रीनिवास, चाळिशीचा, गोल, तोंडानं अखंड चालू. आणि केतकी, पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये, तिशीची, जिची सायकल एका करंगळीवर उचलता येते आणि त्या सायकलच्या किमतीत मी लेकीचं लग्न केलं असतं. चौघांचा मेळ कसा बसला देव जाणे. पण बसला. हिवाळ्यातल्या दर रविवारी साडेपाचला लिबर्टीच्या चौकात जमायचं, गंडीपेटच्या तलावापर्यंत जायचं, परत यायचं आणि चिक्कडपल्लीतल्या एका टिफिन सेंटरवर कॉफी प्यायची. चव्वेचाळीस-पंचेचाळीस किलोमीटर एका पेलाभर कॉफीसाठी! कुणी म्हणेल कॉफी हे निमित्त होतं. छे हो. सायकल हेच निमित्त होतं.

टिफिन सेंटर म्हणजे काय, रस्त्याकडं तोंड केलेला एक कट्टा, आत इडलीची वाफ, आणि कट्ट्यामागं नरसिंहुलू. पितळी भांड्यातून काळ्याशार डिकॉक्शनची एक बोटभर धार स्टीलच्या पेल्यात, वर उकळतं दूध, मग एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात हातभर उंचीवरून ओतायचं, दोनदा, तीनदा, फेस येईपर्यंत. बसायला जागा नाही. उभ्यानं प्यायची. मांड्या थरथरत असतात, पाठीवरचा घाम गार पडायला लागलेला असतो, हाताचे तळवे हँडलनं बधिर झालेले असतात, आणि त्या बधिर हातात तो भाजणारा पेला. पहिल्या घोटाला जीभ पोळते. दुसऱ्या घोटाला कडूपणा कळतो. तिसऱ्या घोटाला माणूस सगळ्यांना माफ करतो. मी तरी करायचो. आमच्या प्राचार्यांनासुद्धा.

केतकीला ही कॉफी सुरुवातीला पसंत नव्हती. तिच्या ऑफिसकडं, माधापूरला, सायकलवाल्यांचे म्हणून खास कॅफे आहेत. भिंतीवर सायकली टांगलेल्या, बिया कुठल्या डोंगरातल्या ते फळ्यावर लिहिलेलं. एकदा ती आम्हाला तिकडं घेऊन गेली. काचेच्या भांड्यावर कागद ठेवून त्यावर एक मुलगा थेंब थेंब पाणी सोडत होता. माझ्या लॅबमध्ये गाळण्याचा प्रयोग असाच करतात, आणि पोरं तितकीच गंभीर असतात.

"काका, आता नुसता वास घ्या. संत्र्याचा येतोय का?"

"कॉफीला संत्र्याचा वास येत असेल तर परत द्यावी," वसंतराव म्हणाले.

श्रीनिवासला ठसका लागला. केतकी आधी रागावली, मग तीही हसली. त्यानंतर आमचा अड्डा कायमचा नरसिंहुलूचा कट्टाच राहिला. पण एक मान्य करतो, त्या कॅफेत आलेली तरुण मंडळी, त्यांचे घट्ट कपडे, टेबलावर ठेवलेली हेल्मेटं आणि आमची अवस्था यांत फरक काही नव्हता. दमलेलं शरीर आणि गरम पेला, तिथंही तेच होतं. फक्त त्यांना बसायला खुर्च्या होत्या.

आणि आमच्याकडं एक नियम होता. शेवटचा आल्याशिवाय कॉफी नाही. हा नियम वसंतरावांनी घातला. पहिल्याच हिवाळ्यात श्रीनिवास अर्धा तास आधी पोचून दोन पेले रिचवून बसला होता, तेव्हा. "गाडी आली असं कधी म्हणतात?" वसंतरावांनी त्याला विचारलं. "इंजिन आलं की? शेवटचा डबा फलाटाला लागला की म्हणतात. निम्मी गाडी आली असं नसतं, श्रीनिवास." तेव्हापासून नरसिंहुलूसुद्धा चार जण दिसल्याशिवाय दुधाच्या पातेल्याला हात लावत नसे. तिघंच दिसले तर तेलुगूत विचारायचा, "पेद्दायना रालेदा?" मोठे साहेब नाही आले?

कारण शेवटी असत ते वसंतरावच. ते मुद्दाम मागं राहत. मी दमलो तर माझ्यामागं, केतकीचं चाक पंक्चर झालं तर तिच्यामागं. गार्डची जागा गाडीच्या शेवटी, ती त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नाही. चढावर मला धाप लागली की मागून आवाज यायचा, "होऊ द्या सावकाश, मी आहे मागं." हा आवाज आहे म्हटल्यावर माणूस मागं वळून बघत नाही. सहा वर्षांत मी एकदाही वळून बघितलं नाही.

गेला हिवाळा मला अजून वासांनी आठवतो. मेहदीपट्टणमच्या पुढं गुडीमल्कापूरला फुलांचा बाजार लागतो. पहाटे सहाला तिथं झेंडूच्या गोण्या फोडलेल्या असतात, रस्त्यावर पाकळ्यांचा चिखल झालेला असतो, त्यावरून चाक घसरतं, आणि त्या ओल्या, कडवट वासात ट्रकच्या डिझेलचा वास मिसळतो. एरवी कुणी मला त्या वासात उभं केलं असतं तर मी नाक दाबलं असतं. सायकलवर तो छातीभर घ्यावा लागतो, दुसरा इलाज नसतो. मग लंगर हौज, मग चढ, मग एकाएकी घरं विरळ होतात आणि गंडीपेटकडून धुकं येतं. तलाव दिसतच नाही. कडेला उभं राहिलं की पाण्याचा नुसता गारवा तोंडावर येतो आणि कुठं तरी पाणकोंबडी ओरडते. आम्ही चौघं तिथं पाच मिनिटं काही न बोलता उभे असायचो. श्रीनिवाससुद्धा.

आता विचार केला की वाटतं, त्या पाच मिनिटांची दहा मिनिटं झाली होती. मग पंधरा. कारण वसंतराव पोचेपर्यंत थांबायचं. डिसेंबरात परतीची कॉफी नवाच्या जागी सव्वानऊला, मग साडेनऊला व्हायला लागली. आम्हाला काही वाटलं नाही. ते मागंच असतात ना! जो कायम शेवटी असतो तो मागं पडायला लागला, हे कळणार कसं? दुसरा कुणी असता, केतकी असती, तर पहिल्याच रविवारी आम्ही घाबरलो असतो. वसंतरावांच्या बाबतीत आम्ही चेष्टा केली.

"गार्डसाब, आज पॅसेंजर लेट है क्या?" श्रीनिवास.

"सिग्नल नव्हता," ते म्हणायचे आणि पेला उचलायचे.

मीही कमी नव्हतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. एका रविवारी नरसिंहुलूला म्हणालो, "मोठ्या साहेबांची गाडी आता मालगाडी झाली, वाटेत सगळ्यांना पुढं जाऊ देते." सगळे हसले. वसंतराव त्याच क्षणी सायकल लावून येत होते, त्यांनी ऐकलं की नाही मला ठाऊक नाही. हसत होते एवढं खरं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं नऊला कट्ट्यावर पोचलो. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. गच्च्यांवर पोरं पतंगांना मांजा बांधायला लागली होती, रेडिओ चालू होते. पोटात कावळे ओरडत होते, इडलीचा वास येत होता, आणि नियम म्हणजे नियम. फोन लावला तर नुसता वाजत राहिला.

"जाऊ का मी बघायला?" केतकी म्हणाली.

"कशाला? येतील," मी म्हणालो. "गाडी आउटर सिग्नलला उभी असेल."

पुन्हा सगळे हसले. हे वाक्य माझंच, दुसऱ्या कुणाचं नाही.

दहाला पाच कमी असताना ते आले. सायकल हातात धरून, चालत. चेहरा राखेसारखा. कपाळावर घाम, थंडी असून. आले, सायकल भिंतीला लावली आणि म्हणाले, "काय, झाली का ऑर्डर?"

"अहो, होता कुठं तुम्ही?"

"चेन उतरली होती. बसवता बसवेना."

श्रीनिवासनं चेन बनवणाऱ्याला दोन शिव्या दिल्या. नरसिंहुलूनं दूध ओतलं. वसंतरावांनी पेला घ्यायला हात पुढं केला, आणि मी तो हात बघितला. स्वच्छ होता. दोन्ही हात स्वच्छ. ज्यानं आयुष्यात एकदा जरी सायकलची चेन चढवलीय त्याला ठाऊक आहे, चेन चढवलेल्या माणसाचे हात काळे होतात. साबणानंही निघत नाही ते काळं, नखांत आठवडाभर राहतं. आणि मी तर तीस वर्षं पोरांचे हात बघून सांगतो आहे की प्रयोग कुणी केला आणि वही कुणी उतरवली.

मी बघितलं, आणि माझ्या हातात कॉफी आली. वाफ आली तोंडावर. भूक लागली होती, तासभर ताटकळलो होतो, पाय दुखत होते. मी तोंड पेल्यात घातलं. उगाच का पाळत ठेवायची माणसावर, असंही काहीसं मनाशी म्हणालो असेन. तिसऱ्या घोटाला सगळ्यांना माफ केलं, स्वतःलासुद्धा. मग ते सायकलवर बसून मारेडपल्लीला गेले, मुशीराबादच्या रस्त्यानं, एकटे, आणि मी घरी येऊन तीळगुळाच्या पाकाला हात लावला म्हणून बायकोची बोलणी खाल्ली.

गुरुवारी निर्मलावहिनींचा, त्यांच्या बायकोचा, फोन आला. दवाखान्यात ठेवलंय. हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती. दोन-तीन महिन्यांपासून चढावर छातीत दाब यायचा, सांगितलं कुणालाच नाही. रविवारी मेहदीपट्टणमला एका बंद दुकानाच्या पायरीवर पाऊण तास बसून होते म्हणे. आम्ही त्या वेळी कट्ट्यावर हसत होतो.

जीव वाचला. तीन आठवड्यांनी घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं, चाला हवं तर हळूहळू, सायकल बंद. फेब्रुवारीत ते एका रविवारी रिक्षानं कट्ट्यावर आले. आम्हाला कोण आनंद झाला! केतकीनं तर रस्त्यातच मिठी मारली. कॉफी झाली, गप्पा झाल्या, सगळं पहिल्यासारखं. पुढच्या रविवारीही आले. त्यानंतर आले नाहीत. फोन केला की म्हणायचे, "हौ, बघतो. या वेळी पाहुणे आहेत." पुढच्या वेळी दात दुखायचा. त्यापुढच्या वेळी मी फोनच केला नाही.

काय करणार होतो फोन करून? माझी ती वाक्यं त्यांच्या कानावर गेली असणार, ही खात्रीच होती माझी. मालगाडी म्हणाला, आउटर सिग्नल म्हणाला, आणि हात बघूनही गप्प बसला. अशा माणसाबरोबर कोण कॉफी पिणार? आमचे रविवारही मग विरले. थांबायचं कुणासाठी हेच राहिलं नाही. श्रीनिवास आला की पिऊन निघून जायचा, केतकी माधापूरला जायला लागली. मी एकदा एकटा गेलो. नरसिंहुलूनं विचारलं, पेद्दायना? मी म्हटलं, बरे आहेत. कॉफी तीच होती. गिळवली नाही. मग चादर टाकली सायकलवर.

नऊ महिने. मारेडपल्ली माझ्या घरापासून फार तर सहा किलोमीटर. नऊ महिन्यांत मी सहा किलोमीटर गेलो नाही. लाज वाटते लिहिताना, पण आहे हे असं आहे. थकवा नुसता पायांना येत नाही. रोज सकाळी उठून एकाच गोष्टीला तोंड चुकवायचं म्हटलं की त्याचाही येतो, आणि तो झोपेनं जात नाही.

परवाच्या त्या गार वाऱ्यानंतर तीन दिवस असाच घुसमटलो. चौथ्या दिवशी, रविवारी, सुनंदा म्हणाली, "अहो, जाऊन या एकदाचे. शिव्या देतील तर खाऊन या. निदान रात्री कूस बदलणं तरी थांबेल." चादर काढली. दोन्ही चाकांत हवा नव्हती. हवा भरता भरता माझीच हवा गेली. निघालो.

वहिनींनी दार उघडलं आणि आत बघून हाक मारली, "अहो, जाधव भावजी आलेत." वसंतराव खिडकीपाशी खुर्चीत होते. वाळले होते. मिशी मात्र तशीच. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, खरंच उजळला, आणि ते मला अगदीच सहन होईना. वहिनी कॉफी करायला आत गेल्या. मी बसलो आणि लगेच सांगून टाकलं, नाही तर धीर गेला असता.

"वसंतराव, मला तुमचे हात दिसले होते. त्या दिवशी. चेन उतरली नव्हती."

"मला माहीत आहे."

"काय?"

"तुम्ही बघितलंत ते मी बघितलं," ते म्हणाले. "म्हटलं, आता हा लॅबवाला विचारणार. नाही विचारलंत."

"चुकलो मी."

"चुकलातच. मीही चुकलो. उतरली चेन म्हणायचं तर निदान बोटं तरी घासायची तिच्यावर." आणि हसले. मला हसू आलं नाही. रडूच आलं, काय लपवायचं.

"मी काय काय बोललो तेव्हा. मालगाडी म्हणालो. म्हणून तुम्ही येत नाही, माहीत आहे मला."

"हात्तिच्या!" ते खुर्चीत सरळ झाले. "म्हणून? अहो, सदतीस वर्षं प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्यात मी, तुमच्या दोन चेष्टांनी मला काय होतंय? नऊ महिने हे घेऊन बसलात?"

"मग का नाही येत?"

आतून दुधाच्या उकळीचा आवाज येत होता. खाली रस्त्यावर कुणी तरी स्कूटरला किका मारत होतं.

"आलो होतो ना दोनदा," ते म्हणाले. "कॉफी छान झाली. गप्पा छान झाल्या. मग तुम्ही तिघं उठलात. टोप्या घातल्यात, सायकली वळवल्यात, हात केलेत आणि निघालात. पाठमोरे. कोपऱ्यापर्यंत दिसलात. मी रिक्षाची वाट बघत उभा. पाच मिनिटं लागली रिक्षा मिळायला. तेवढी पाच मिनिटं नाही सोसत जाधव. बाकी सगळं सोसतं."

आम्हीही चालत येऊ, म्हणणार होतो. आम्हीही रिक्षानं येऊ, म्हणणार होतो. काय म्हटलं असतं तरी ते खोटंच वाटलं असतं, त्यांनाही आणि मलाही. वहिनींनी कॉफी आणली. फिल्टरची, चांगली कडक. तेवढ्यापुरतं आम्ही केतकीबद्दल बोललो, तिला आता सिंगापूरला पाठवताहेत म्हणे. श्रीनिवासच्या दुकानाबद्दल बोललो. पेले रिकामे झाले.

"पुढच्या रविवारी याल का?" मी शेवटचं विचारलं. विचारायलाच आलो होतो.

"नाही," ते म्हणाले. शांतपणे म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

ते खालपर्यंत सोडायला आले. एक एक पायरी, कठड्याला धरून, मी नको नको म्हणत असताना. फाटकाशी माझी सायकल उभी होती. मी कुलूप काढलं, हँडल धरलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आता मी काय करणार आहे. हात करणार, बसणार आणि पाठमोरा जाणार. त्यांच्याच दारातून.

म्हटलं, "येतो," आणि सायकल हातात धरून चालायला लागलो. वीस पावलं गेलो असेन. मागून आवाज आला.

"जाधव! पंक्चर आहे का?"

"नाही."

"मग चालत कुठं निघालात? बसा!"

मी तसाच चालत राहिलो.

"अहो, बसा म्हणतोय ना! माझ्यासाठी नाटक नक्को. गल्लीतली माणसं बघतायत."

बसलो. पाठीला डोळे फुटल्यासारखे वाटत होते. जितकं हळू चालवता येईल तितकं हळू चालवलं, इतकं की दोनदा तोल जाऊन पाय टेकवावा लागला आणि शेजारच्या ओट्यावरची बाई बघायला लागली. पण मारेडपल्लीच्या त्या गल्लीला कोपऱ्यावर चढ आहे. चढाला सायकल हळू चालवता येत नाही, पडते. मी सीटवरून उठून उभा राहिलो, जोर लावला आणि कोपऱ्यावरून वळलो.